जेवणानंतरची साखर आणि इंटर्व्हल व्यायाम: नवख्यांनी सुरुवात कशी करावी

पहिला घास घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत रक्तातली साखर चढू लागते आणि साधारण ६० ते ९० मिनिटांनी सर्वात वर पोहोचते. निरोगी माणसात हा चढ लहान असतो, दोन तासांत तो १४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली येतो. मधुमेहात आणि मधुमेहपूर्व अवस्थेत चढ उंच होतो आणि उतरायलाही वेळ लागतो. उपाशीपोटीची साखर बरी येते, तरी तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीए१सी जास्त निघते, असे ज्यांचे होते त्यांनी आधी या चढाकडे पाहावे.

साखर १०० असताना मोठ्या माणसाच्या जवळपास पाच लिटर रक्तात मिळून ५ ग्रॅम ग्लुकोज असते, एका चमच्याइतके. एका जेवणातून मात्र ५०-६० ग्रॅम कर्बोदके सहज पोटात जातात. एवढी साखर मावून घेणारे शरीरातले सर्वात मोठे कोठार म्हणजे स्नायू. एरवी हे कोठार इन्सुलिनच्या सांगण्यावरून उघडते. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा मात्र ग्लुट-४ नावाचे वाहक इन्सुलिनची वाट न पाहता पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत ओढतात. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरातही ही वाट बऱ्यापैकी शाबूत असते.

इंटर्व्हल व्यायाम म्हणजे थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश, पुन्हा जोरात. रमतगमत चालताना जे वेगवान स्नायुतंतू जवळजवळ स्वस्थ बसलेले असतात, ते जोराच्या टप्प्यात कामाला लागतात आणि स्वतःतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा खर्च करतात. तो साठा भरून काढण्यासाठी पुढचे कित्येक तास रक्तातली साखर वापरली जाते. इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद २४ ते ४८ तास सुधारलेला राहतो. मधला सावकाश टप्पा असल्यामुळे, सलग जोरात पाच मिनिटेही टिकणार नाही अशा माणसाकडून एकूण आठ-दहा मिनिटांचे जोराचे काम होऊन जाते.

तरीही नवख्याने आधी वेळ जमवावी, जोर नंतर वाढवावा. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या ४१ जणांनी काही दिवस रोज एकदा कधीही ३० मिनिटे चालण्याचा आणि काही दिवस प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे चालण्याचा क्रम पाळला. दोन्हींत चालण्याची मिनिटे तेवढीच. पण जेवणानंतर चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. यात जोराचे टप्पे नव्हतेच. घड्याळ साधले की निम्मे काम झाले, असे म्हणायला हरकत नाही.

आधी हे तपासा

साधे चालणे सुरू करायला बहुतेकांना परवानगीची गरज नसते. जोराचे टप्पे सुरू करण्याआधी मात्र पुढच्या लोकांनी डॉक्टरांशी बोलूनच घ्यावे: हृदयविकार झालेला, चालताना छातीत दुखणारा किंवा दडपण येणारा, रक्तदाब आटोक्यात नसलेला, गरोदर असलेली, आणि वर्षानुवर्षे बैठे आयुष्य गेलेला मधुमेही. डोळ्यांच्या पडद्यावर नवीन नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील, तर जोराने रक्तस्राव होऊ शकतो. अशांनी जोराचे टप्पे टाळावेत आणि नेत्रतज्ज्ञ सांगतील तेवढेच करावे. पायाला जखम असेल तर ती भरेपर्यंत चालण्याऐवजी बसून करण्याचे प्रकार निवडावेत.

त्यानंतर औषधांची यादी काढा. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर व्यायामाने धोकादायक पातळीपर्यंत घसरणे विरळा. इन्सुलिन घेणारे आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणारे यांची साखर घसरू शकते. त्यांनी मात्रा बदलायची का, हे सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारावे, दोन घसरणी झाल्यावर नाही. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडीच्या आकड्यावर विसंबता येत नाही, कारण ती नेहमीइतकी चढत नाही. शिवाय साखर घसरल्याची धडधड आणि थरथरही दबून जाते. घाम फुटणे तेवढे राहते, म्हणून त्याकडे लक्ष ठेवावे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जाते, तेव्हा पाणी पिण्यात कुचराई नको.

मांडीत इन्सुलिन टोचून लगेच चालायला निघू नये. काम करणाऱ्या स्नायूत रक्त जास्त खेळते, त्यामुळे इन्सुलिन अपेक्षेपेक्षा लवकर शोषले जाते. त्या वेळचे इंजेक्शन पोटावर घेतलेले बरे.

घड्याळ कुठून सुरू करायचे

वेळ नेहमी पहिल्या घासापासून मोजा. जेवण कधी संपले हे धरले तर दहा मिनिटांत उरकणारा आणि पाऊण तास बसणारा यांचे हिशेब वेगळे होतात. पहिल्या घासानंतर साधारण ३० मिनिटांनी सुरुवात करावी. मग वीस मिनिटांचे सत्र ५० व्या मिनिटाला संपते, म्हणजे साखर कळसाला पोहोचण्याआधीच स्नायू ती उचलू लागलेले असतात. दोन तासांनी व्यायाम केल्याने एकूण फायदा होतो, पण तो चढ तोवर येऊन गेलेला असतो.

जेवण तेलकट, तुपकट किंवा खूप प्रथिनांचे असेल तर पोट सावकाश रिकामे होते आणि कळस दोन-तीन तासांपर्यंत पुढे सरकतो. अशा जेवणानंतर व्यायाम ४५ ते ६० मिनिटांनी सुरू करावा. फळांचा रस किंवा साखरेचे पेय घेतले असेल तर उलट घाई करावी लागते, १५ मिनिटांतच उठावे.

दिवसातून एकच सत्र जमणार असेल तर कोणत्या जेवणानंतर? ज्या जेवणानंतर साखर सर्वात जास्त चढते त्यानंतर. ते ओळखायला दोन-तीन दिवस प्रत्येक जेवणानंतर मोजून पाहावे. अंदाज बांधू नये, कारण तो बऱ्याचदा चुकतो. सर्वात मोठ्या जेवणाऐवजी सकाळच्या नाश्त्यानंतरच उंच चढ येतो, असे अनेकांत दिसते.

पहिले सत्र, मिनिटामिनिटाने

मऊ, मोजे घालून पायाला नीट बसणारे बूट, सेकंद दाखवणारे घड्याळ किंवा फोनमधला टायमर आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या. एवढे सामान पुरते. जागा सपाट असावी.

१. पहिली ३ मिनिटे सावकाश चाला. पोटरी आणि घोटा मोकळे होऊ द्या.

२. आता १ मिनिट झपाझप चाला. पाऊल लांब टाकण्यापेक्षा पावले भरभर टाका आणि हात कोपरात दुमडून हलवा. हात जितके लवकर हलतील तितके पाय त्यांच्यामागे येतात. लांब ढांगा टाकल्या की नडगी दुखते, पहिल्या आठवड्यातली ही नेहमीची तक्रार आहे.

३. मग २ मिनिटे सावकाश चाला. थांबू नका, बसू नका.

४. ही जोडी एकूण ५ वेळा करा. १५ मिनिटे होतात.

५. शेवटची २ मिनिटे आणखी हळू चाला आणि मग थांबा.

एकूण २० मिनिटे, त्यातली जोराची फक्त पाच. पहिल्या दिवशी हे फारच सोपे वाटले तरी तेवढ्यावरच थांबावे. स्नायू दुखतात ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तेव्हाच लोक सोडून देतात.

सावकाश टप्प्यात थबकून उभे राहणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. जोरात काम करताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. एकदम उभे राहिले की रक्त पायांत साचते, चक्कर येते. जेवणानंतर पोटाकडेही रक्त वळलेले असते, त्यामुळे हे लवकर होते. सावकाश टप्प्याला दुसरेही काम आहे: पोटऱ्या आणि मांड्या त्यातही साखर वापरतच असतात.

झपाझप म्हणजे किती

सर्वात भरवशाचा काटा म्हणजे स्वतःचा आवाज. जोराच्या मिनिटात चार-पाच शब्द एका दमात बोलता यावेत, पण पूर्ण लांब वाक्य बोलता येऊ नये. गप्पा मारता येत असतील तर जोर कमी पडतोय, आणि एक शब्दही निघत नसेल तर जास्त झालाय. सावकाश टप्प्याच्या शेवटी पुन्हा पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. आले नाही तर तो टप्पा एक मिनिटाने वाढवा.

शून्य म्हणजे आराम आणि दहा म्हणजे जीव तोडून, अशी मोजपट्टी धरली तर सुरुवातीचे जोराचे मिनिट ६ किंवा ७ वर हवे, सावकाश मिनिटे ३ वर. नाडीने मोजायचे तर २२० मधून वय वजा करा. वय ५० असेल तर १७० मिळतात. जोराच्या मिनिटाच्या शेवटी याच्या ७० ते ८० टक्के, म्हणजे १२० ते १३५ च्या आसपास नाडी असावी. हे सूत्र ढोबळ आहे, एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज असतो. शिवाय एका मिनिटाच्या टप्प्यात नाडी मागे रेंगाळते, सर्वात मोठा आकडा टप्पा संपल्यावर दिसतो. म्हणून नाडीपेक्षा आवाजाकडे लक्ष देणे बरे.

पुढचे आठवडे

पहिले दोन आठवडे वरचेच सत्र, आठवड्यातून तीन दिवस. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सावकाश टप्पा एका मिनिटावर आणा आणि ८ जोड्या करा. जोर तोच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: एकतर जोड्यांची संख्या, नाहीतर विश्रांतीची लांबी, नाहीतर वेग. तिन्ही एकदम वाढवली आणि गुडघा दुखला, तर दोष कशाचा हे कळत नाही.

पाचव्या आठवड्यापासून ३ मिनिटे जोरात आणि ३ मिनिटे सावकाश, अशा पाच जोड्या करता येतात. ही पद्धत जपानमधील शिन्शू विद्यापीठात मध्यमवयीन आणि वृद्ध लोकांसाठी विकसित झाली: जोराचा टप्पा स्वतःच्या कमाल क्षमतेच्या ७० टक्क्यांवर, सावकाश टप्पा सुमारे ४० टक्क्यांवर. डेन्मार्कमध्ये २०१३ साली टाइप २ मधुमेहींवर चार महिने ती वापरून पाहिली. एका गटाने सलग एकाच वेगाने चालायचे आणि दुसऱ्याने वेग आलटून पालटून, दोन्ही गटांची सरासरी मेहनत सारखी. सलग चालणाऱ्यांच्या साखरेत फारसा फरक पडला नाही. वेग बदलणाऱ्यांची दिवसभराची सरासरी साखर आणि दमसास दोन्ही सुधारले. सपाटीवर चालून जोर पुरेना झाला की वेगाऐवजी चढ वापरा. ट्रेडमिलवर ४ ते ६ टक्के चढ दिला तर धावावे न लागता दम लागतो आणि गुडघ्यांवर आदळआपट होत नाही.

यापुढची पायरी म्हणजे १० वेळा १ मिनिट, कमाल नाडीच्या ९० टक्क्यांपर्यंत, मध्ये १ मिनिट सावकाश. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात २०११ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या ८ जणांनी सायकलवर हे केले. दोन आठवड्यांतल्या सहा सत्रांनंतर त्यांची २४ तासांची सरासरी साखर सुमारे १३७ वरून ११९ वर आली. आकडा भुरळ घालणारा आहे, पण माणसे आठच होती आणि सत्रे देखरेखीखाली झाली. भरल्या पोटी असा जोर लावू नये. मळमळ, जळजळ, कुशीत कळ यातले काहीतरी होतेच. हा प्रकार जेवणाआधी करावा. ओटागोच्या २०१४ च्या अभ्यासात इन्सुलिन-प्रतिरोध असलेल्या नऊ जणांनी जेवणाच्या अर्धा तास आधी चढावर १ मिनिट जोरात चालण्याच्या सहा फेऱ्या केल्या, तरीही नाश्त्यानंतरचा आणि रात्रीच्या जेवणानंतरचा चढ कमी झाला. तात्पर्य, मध्यम जोर जेवणानंतर आणि जबर जोर जेवणाआधी.

दोन सत्रांमध्ये सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको, कारण इन्सुलिनला मिळणारा सुधारित प्रतिसाद तोवर ओसरतो. मधल्या दिवशी जेवणानंतर दहा मिनिटे साधे चालणे पुरते.

आपल्यावर परिणाम होतो का, हे मोजणे

एका दिवसाच्या आकड्यावरून काहीही ठरवू नका. जोडीने मोजा: एक दिवस व्यायामाशिवाय, दुसऱ्या दिवशी व्यायामासह, आणि दोन्ही दिवशी तेच जेवण, तेवढ्याच प्रमाणात, त्याच वेळी. शक्य असेल तर पिष्टमय पदार्थ वजन करून घ्या. दोन दिवशी वेगळे वाढून घेतले तर फरक जेवणाचा की चालण्याचा हे सांगता येणार नाही. व्यायामाशिवायचा दिवस आधी ठेवा, म्हणजे आदल्या सत्राचा परिणाम त्यात मिसळणार नाही. साखर तीनदा मोजा: जेवणाआधी, पहिल्या घासानंतर एक तासाने आणि दोन तासांनी. अशा किमान तीन जोड्या झाल्या की चित्र दिसू लागते.

ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वरच्या वाचनात १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. खरी साखर १८० असेल तर यंत्र १५३ ते २०७ मधले काहीही दाखवू शकते आणि तरीही ते ‘बरोबर’ ठरते. म्हणून दहा मिलिग्रॅमच्या फरकावर आनंद मानू नये. तिन्ही जोड्यांत ३०-४० चा फरक एकाच दिशेने आला तर तो खरा. हात साबणाने धुऊन कोरडे करा. फळ सोललेल्या बोटावरचा रस वाचन कितीतरी वर नेतो. सुई बोटाच्या टोकाच्या बाजूला टोचा, मधोमध नको, तिथे जास्त दुखते.

दंडावर सेन्सर लावला असेल तर तो पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, रक्तातली नाही. तो एरवी पाच-दहा मिनिटे मागे असतो आणि साखर वेगाने बदलत असताना त्याहूनही जास्त. व्यायाम चालू असताना हातपाय थरथरत असतील आणि पडद्यावर आकडा ठीक दिसत असेल, तर बोटातून रक्त घेऊन पाहावे.

बहुतेक मधुमेहींसाठी जेवणानंतर एक ते दोन तासांनी १८० च्या खाली हे उद्दिष्ट धरतात. तुमच्यासाठी डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर तेच धरावे.

आकडे उलटे दिसतात तेव्हा

जबर जोर लावल्यावर लगेच मोजले आणि साखर वाढलेली दिसली, तर यंत्र बिघडलेले नाही. जोरात धाप लागली की अॅड्रेनलिन वाढते आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. काही मिनिटे ही आवक स्नायूंच्या खर्चापेक्षा जास्त असते. उपाशीपोटी आणि सकाळी हे अधिक दिसते. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या अभ्यासात, टाइप २ मधुमेहाच्या पुरुषांत सकाळच्या जबर इंटर्व्हलने साखर वाढली आणि दुपारनंतरच्या त्याच व्यायामाने घटली. उपाय दोन: सकाळी जोर दहाच्या मोजपट्टीवर ६ च्या पुढे नेऊ नका, आणि सत्र संपल्यावर दहा मिनिटे सावकाश चालत राहा. वाढलेला आकडा पाहून घाईने जादा इन्सुलिन टोचणे धोक्याचे आहे, कारण तासाभरात स्नायूंची ओढ सुरू होते आणि साखर दोन्ही कारणांनी कोसळते.

आठवडे गेले तरी फरक दिसत नसेल, तर आधी वेळ तपासा. मग सत्रानंतरचे खाणे तपासा. वीस मिनिटांच्या चालण्यात शंभरेक कॅलरी खर्च होतात आणि ‘एवढे केले, आता चालते’ म्हणून घेतलेला गोड घोट त्या भरून काढतो.

साखर घसरली तर

इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्याआधी मोजावे. ९० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम कर्बोदके घेऊन मगच निघावे. टाइप १ मध्ये साखर २५० च्या वर आणि किटोन (इन्सुलिन कमी पडून चरबी जळताना तयार होणारी आम्ले) वाढलेले असतील तर त्या दिवशी व्यायाम नाही.

वाटेत थरथर, गार घाम, अचानक भूक, चिडचिड किंवा डोळ्यांपुढे धूसर वाटले तर थांबा आणि मोजा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटे थांबा आणि पुन्हा मोजा. अजून खाली असेल तर तेवढेच पुन्हा. चॉकलेट या कामाला नको, त्यातला स्निग्धांश शोषण लांबवतो. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांना साधी साखरही लवकर लागू पडत नाही, कारण ती फोडणारे विकर त्या गोळीने अडवलेले असते. त्यांच्यासाठी शुद्ध ग्लुकोजच हवे. संध्याकाळी जोराचे सत्र झाले असेल तर इन्सुलिन घेणाऱ्यांनी झोपण्याआधी एकदा मोजावे. रिकामे झालेले स्नायू रात्रभर साखर ओढत राहतात आणि घसरण पहाटेही होऊ शकते.

छातीत दुखणे, जबड्यात किंवा हातात कळ, न थांबणारी धाप, घेरी: यांपैकी काहीही झाले तर साखर मोजत बसू नका, तातडीने वैद्यकीय मदत मागवा.

चालता येत नसेल तर

गुडघे किंवा पावले साथ देत नसतील तर स्थिर सायकल घ्या. रोध वाढवून १ मिनिट, कमी करून २ मिनिटे. तीही नसेल तर हात नसलेल्या खुर्चीवरून ३० सेकंद उठबस आणि ९० सेकंद जागच्या जागी संथ पावले, अशा आठ फेऱ्या. मांडीचे स्नायू शरीरात सर्वात मोठ्या स्नायूंपैकी असल्याने हा प्रकार साखरेसाठी चांगला लागू पडतो. उठताना श्वास सोडायचा, रोखून धरला की रक्तदाब उसळतो. जिना वापरायचा तर चढणे हा जोराचा टप्पा आणि कठडा धरून उतरणे हा सावकाश. पहिल्या आठवड्यात एकाच मजल्याच्या चार-पाच फेऱ्या पुरेत, कारण मांड्या दुखतात त्या चढण्यापेक्षा उतरण्याने.

पायांची संवेदना कमी झाली असेल तर प्रत्येक सत्रानंतर बूट-मोजे काढून तळवे, टाचा आणि बोटांमधली जागा पाहा. वाकून दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. लाल झालेली जागा दुसऱ्या दिवशीही तशीच असेल तर बूट बदला, आणि फोड आला असेल तर तो न फोडता डॉक्टरांना दाखवा.